प्रार्थना कोण सुरू करणार

आई गेली त्याला तेवीस दिवस झाले होते. पण आई गेली हे घराला कळलं ते त्या रविवारी दुपारी, सव्वा वाजता, जेवणाच्या टेबलापाशी.

चर्चच्या उपासनेहून सगळे नुकतेच परतले होते. ताटं मांडली होती, बटाटे वाफाळत होते, सूप वाढून झालं होतं. सहाही जणांनी हात जोडले, माना खाली घातल्या, डोळे मिटले आणि थांबले.

थांबले म्हणजे चांगलेच थांबले. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. या टेबलावर चाळीस वर्षं असंच चालत आलं होतं. डोळे मिटायचे, आई प्रार्थना करायची, 'आमेन' ऐकू आलं की चमचे उचलायचे. आई गेल्यापासून सगळे एकत्र जेवत ते रविवारीच. आधीच्या तीन रविवारी पाळकसाहेब जेवायला होते, आणि पाळक पंगतीला असला की प्रार्थनेची काळजी कुणाला करावी लागत नाही. आज पहिल्यांदाच घरची माणसं तेवढी होती, आणि ती सगळी आपापल्या अंधारात बसून 'आमेन'ची वाट बघत होती. थोरल्याला वाटलं, बाबा सुरू करतील. सूनबाईंना वाटलं, मान वडीलधाऱ्या आत्याबाईंचा. आत्याबाईंना वाटलं, हे जावयाचं काम, नाहीतरी तो बाकी काही करत नाही. आणि बाबांना, ज्यांना घराबाहेर सगळे मिस्त्री म्हणत, वाटलं की आता ती सुरू करेल. त्यांना खरोखर तसंच वाटलं.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी एक डोळा किलकिला केला. सुपावर साय धरली होती. समोर थोरल्याचाही एक डोळा उघडा होता. बाप-लेकाची नजरानजर झाली आणि चोरी पकडल्यासारखे दोघांनी आपापले डोळे पुन्हा घट्ट मिटून घेतले.

शेवटी धाकटी बोलली. "ती येणार नाहीये," ती म्हणाली. "जेवा."

कुणी चमचा उचलला नाही. धाकटीने उचलला, सुपात बुडवला, तसाच राहू दिला, आणि जे गेले आठ दिवस तिच्या तोंडावर येऊन परत जात होतं ते सांगून टाकलं. बुधवारी ती इस्पितळात जाणार नव्हती.

धाकटीच्या गळ्यात गाठ होती, बोराएवढी होती ती आता लिंबाएवढी झाली होती. ती काढायची हे ठरलेलं होतं. तारीख आईच्या जाण्यामुळे एकदा पुढे ढकलली होती, आणि डॉक्टरांनी आता आणखी ढकलू नका असं बजावलं होतं. पण तेच इस्पितळ, तोच तिसरा मजला. आई तिथे पित्ताचे खडे काढायला आपल्या पायांनी चालत गेली होती, जाताना फ्रिजमधल्या दुधाबद्दल सूचना देऊन गेली होती आणि शनिवारी घरी येते म्हणाली होती. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत हृदय थांबलं. त्यात कुणाची चूक नव्हती. कुणाची असती तर धाकटीला सोपं गेलं असतं. दुसरं इस्पितळ तरी शोधता आलं असतं.

टेबलावर एकदम सगळे बोलू लागले. जावई औषधांचं दुकान चालवी आणि घरातलं वैद्यकशास्त्र आपल्याकडे आहे अशा थाटात वावरे. त्याने सांगितलं की असल्या ऑपरेशनमध्ये शंभरातले नव्याण्णव जण ठणठणीत घरी येतात, खरं तर नव्याण्णव पूर्णांक काही. सूनबाईंनी विचारलं, सासूबाईंच्या वेळी हाच आकडा होता ना. जावयाने पाण्याचा पेला उचलला. थोरला शाळेत मास्तर होता. घरातही त्याला मास्तरच म्हणत, कारण तो घरातही तसाच बोले. त्याने विषयाचे तीन भाग पाडले आणि दुसऱ्या भागावर असताना आत्याबाईंनी त्याला बटाटे पुढे करायला सांगितलं. आत्याबाईंचं म्हणणं, भीती ही मनाची थेरं आहेत, त्यांच्या काळी गाठी आपोआप विरघळत. आत्याबाई मिस्त्रींची थोरली बहीण, त्यांची अक्का. त्यांचं आणि सूनबाईंचं जुन्या सोफ्याच्या प्रकरणापासून मीठ मागण्यापुरतंच बोलणं होतं. त्यामुळे आत्याबाई जा म्हणतात म्हटल्यावर सूनबाई ताबडतोब धाकटीच्या बाजूला गेल्या, आणि जावयाच्या लक्षात येईना की आपली बायको वाचवायची तर नक्की कुणाशी भांडायचं.

मिस्त्री धाकटीच्या गळ्याकडे बघत होते. एक माणूस गेलं होतं आणि दुसरं टेबलापाशी बसून नाही म्हणत होतं. एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्यापुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

धाकटीने मग खरं कारण सांगितलं. दात काढायचा होता तेव्हा, दहावीच्या वेळी, पोरगी झाली त्या वेळी, दर वेळी ती उंबऱ्याशी अडून बसायची. आई डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि मग पाय उचलायचे. "मी काही हट्ट करत नाहीये," ती म्हणाली. "पाय उचलतच नाहीत."

"एवढंच ना," मास्तर म्हणाला. "मग प्रार्थना करू या."

हे म्हणणं सोपं होतं. मास्तर उठून उभा राहिला, कारण बसून बोलायची त्याला सवय नव्हती. घसा साफ करून त्याने स्वर्गीय पित्याला कळवलं की आज या ठिकाणी आम्ही सहा जण उपस्थित आहोत, एक अनुपस्थित. तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाच ऐकू आला. तो खाली बसला आणि चष्मा पुसत राहिला.

पुढची पाळी आत्याबाईंनी स्वतःच घेतली. त्यांची प्रार्थना ठणठणीत होती, पण ती देवापर्यंत जाण्याआधी वाटेत बऱ्याच घरी थांबत होती. काही लोकांना मोठ्यांशी नीट बोलण्याची बुद्धी दे, काही लोकांना जुन्या वस्तू न विचारता विकू नयेत हे कळू दे, असं होता होता गाडी सोफ्यावर आली तेव्हा सूनबाईंनी मोठ्याने 'आमेन' म्हणून ती तिथेच थांबवली. जावयाने प्रयत्न केला तो सगळ्यांत आखूड. त्याने देवाला गाठीचं शास्त्रीय नाव सांगितलं, तपासण्यांचे निष्कर्ष सांगितले आणि पुढे काय मागायचं ते न सुचून थांबला.

धाकटीला हसू आलं. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. पण हसू ओसरलं तशी ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "आईने स्वतःसाठी मागितलं नसेल का? आपण सगळ्यांनी मागितलं नव्हतं का? मग?"

या प्रश्नावर मास्तरकडे तीन भाग नव्हते आणि जावयाकडे टक्के नव्हते. मिस्त्रींना वाटलं, आता अक्का कडाडणार, देवाला असं विचारतात का म्हणून. पण आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं.

"मला पण तेच विचारायचंय त्याला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी भांडते मी त्याच्याशी. माझ्याहून बारा वर्षांनी लहान होती ती. न्यायचं तर रांगेने न्यायचं होतं."

सूनबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मघाशी तुम्हीच म्हणालात ना, भीती म्हणजे थेरं," धाकटी म्हणाली.

"मी खूप काही म्हणते. प्रभू स्वतः घाबरला होता की बागेत. दुसऱ्या दिवशी क्रुसावर चढवणार ते ठाऊक होतं त्याला, घाम फुटला होता. हे टळलं तर बरं, म्हणाला. मित्रांना सांगितलं, जरा जागे राहा माझ्यासाठी. तर ते मेले झोपले. त्याला चालतं घाबरलेलं, तर तुला का नाही चालणार? पण तो उठून गेला, पोरी. घाबरत गेला, पण गेला."

"हे बरोबर बोललात आत्याबाई," सूनबाई म्हणाल्या. सोफ्यानंतर हे त्यांचं पहिलं मोठं वाक्य. आत्याबाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं, पण बटाट्यांचं भांडं सूनबाईंच्या बाजूला सरकवलं.

मग सूनबाईंनीच सुचवलं की उगीच नवीन प्रार्थना कशाला जुळवायची, सासूबाई रोज एकच तर प्रार्थना करायच्या. तीच म्हणू या. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. इतकी वर्षं ऐकलेली प्रार्थना, ती काय अवघड आहे.

तर ती कुणालाच येत नव्हती. घरातल्या प्रत्येकाने चाळीस, तीस, दहा वर्षं ती प्रार्थना ऐकली होती, आणि प्रत्येकाने त्यातून स्वतःचं वाक्य तेवढं उचललं होतं. बाकीच्या वेळी जो तो भुकेला होता.

मास्तरने आपलं वाक्य सांगितलं: माझ्या थोरल्याला वर्गातल्या पोरांचा राग येऊ देऊ नकोस, आणि आलाच तर छडी सापडू देऊ नकोस. जावयाला त्याचं पाठ होतं: जावयाच्या गावात कुणी आजारी पडू नये आणि तरी त्याचं दुकान चालावं, कसं ते तू बघ. सूनबाईंनी ताटाकडे बघत आपलं सांगितलं: सूनबाईला माझा स्वभाव सोसायची ताकद दे, आणि मला तिचा. आत्याबाई म्हणाल्या, त्यांच्यासाठी ती गुडघेदुखीवर आराम मागे. "आणि जिभेला," सूनबाई हळूच म्हणाल्या. "अक्कांचा गुडघा आणि अक्कांची जीभ, दोन्हींना विसावा दे." आत्याबाईंनी मान्य केलं की असं काहीतरी होतं खरं.

"तुझं काय होतं?" मास्तरने धाकटीला विचारलं.

धाकटी आठवत बसली. तिचे ओठ आधी नुसतेच हलले.

"धाकटीला भीती वाटते," ती आईच्या चालीवर म्हणाली. "ती घालव असं मी म्हणत नाही, तुझ्या मनात असेल तसं कर. पण तिला भीती वाटेल तेव्हा तिच्याजवळ बस." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, आई मागते ती भीती घालवायलाच. मी नीट ऐकलंच नव्हतं."

मिस्त्रींनी सगळ्यांकडे पाहिलं. पाच वाक्यं झाली होती. ते हसत हसत म्हणाले, "म्हणजे माझं काही नव्हतं वाटतं. बरोबर आहे, बिघडलेली माणसं तेवढी घेतली तिने."

कुणी हसलं नाही. सगळे त्यांच्याकडे असे बघू लागले की त्यांनी शर्टावर काही सांडलंय का ते पाहिलं.

"बाबा," सूनबाई म्हणाल्या, "तुमचं पहिलं असायचं."

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करत. त्यांच्या हातांचं काळं वंगण साध्या साबणाने निघत नसे. कपडे धुण्याची पावडर ओल्या हातावर घेऊन ते पाच पाच मिनिटं चोळत. रविवारीसुद्धा कुठे ना कुठे लिफ्ट अडकलेली असे, आणि नसली तर ते घरातलंच काहीतरी उघडून बसत. इकडे जेवण निवायला लागे. आई थांबत नसे. चाळीस वर्षं मिस्त्री मोरीवर हात चोळत असताना प्रार्थना सुरू होई, आणि ते येऊन खुर्चीवर बसत तेव्हा ती मास्तरपर्यंत पोचलेली असे. तिचा पहिला भाग त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. बाकी सगळ्यांना तो तोंडपाठ होता, कारण तेव्हा जेवण अजून गरम असायचं आणि लक्ष ठिकाणावर असायचं.

"काय होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

आत्याबाईंनी सांगितलं. "तो खड्ड्यात उतरेल तेव्हा त्याच्या डोक्यावरचा डबा धरून ठेव. त्याला वाटतं ब्रेक धरतो. वाटू दे."

मिस्त्री उठले आणि मोरीवर गेले. हात स्वच्छ होते, तरी त्यांनी नळ सोडला, पावडर घेतली आणि चोळायला लागले. लिफ्टच्या डब्याखाली खड्डा असतो. तिथे उतरून काम करावं लागतं, आणि वर दोन टनांचा डबा लटकत असतो. त्यांनी घरी या खड्ड्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तिला कुठून कळलं होतं ते देव जाणे. त्यांनी बराच वेळ हात धुतले.

धाकटी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिने नळ बंद केला.

"बाबा, तुम्ही करा."

मिस्त्री म्हणाले, त्यांना ते येत नाही. मास्तरला शब्द येतात, अक्काला पाठांतर आहे, त्यांना फक्त लिफ्ट येते.

"मग तसंच बोला. अडकलेल्या माणसांशी बोलता तसं."

ती लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेली होती. दिवे गेले होते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आतली माणसं दार बडवत होती, त्यांना वाटत होतं दोर तुटून आता खाली जाणार. मिस्त्रींनी आधी दारावर तीनदा टकटक केली होती. मग नेहमीच्या आवाजात बोलले होते. मी आलोय. किती जण आहात? खाली बसून घ्या. दार तुम्ही उघडायचं नाही, मी उघडणार. वीज गेली म्हणून घाबरू नका. लिफ्ट चालते तेव्हा ब्रेक सुटलेला असतो, वीज गेली की तो आपोआप आवळतो. अंधार झालाय म्हणजे आत्ता तुम्ही सगळ्यांत घट्ट धरलेले आहात. लोकांना हे पटायला वेळ लागतो. पण दाराबाहेर कुणी आहे एवढं कळलं की बडवणं थांबतं.

ते टेबलापाशी आले. बसले नाहीत. धाकटी खुर्चीवर बसली, आणि त्यांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. आई ठेवायची तिथे. डोळे मिटले की नाही ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलावर तीनदा टकटक केली, कारण सुरुवात कशी करायची ते एवढंच त्यांना माहीत होतं.

"प्रभू," ते म्हणाले. "आम्ही सहा जण आहोत आत. दिवे गेलेत. आजवर मी बाहेर असायचो, आज आत आहे, तेव्हा मला नीट बोलता येणार नाही. धाकटी घाबरलीय. मीपण घाबरलोय. बाकीचेही घाबरलेत, ते कबूल करत नाहीत. हिची आई तुझ्याकडे आहे असं तू सांगितलंयस, आणि मी तेवढं धरून बसलोय. का नेलीस ते मला कळत नाही. आतल्या माणसाला मोटार दिसत नाही, त्याने कितीही कान लावला तरी. पण खड्ड्यात तू स्वतः उतरला होतास. तीन दिवस खाली कबरेत होतास, आणि वर आलास. आमच्यात हे कुणी केलेलं नाही. म्हणून बुधवारी हिच्या बाजूला तू राहा. आम्हाला त्या दाराच्या आत सोडत नाहीत. ती बरी होऊन आली तर..." ते थांबले. "आणि नाही तर, ते मला म्हणता येत नाही. तू ऐकलंस असं धर."

मग ते गप्प झाले. सगळे वाट बघत राहिले. मिस्त्रीही वाट बघत राहिले.

"आमेन म्हण रे," आत्याबाई म्हणाल्या. "नाहीतर आजचा दिवस असाच जायचा."

मिस्त्री 'आमेन' म्हणाले. सगळे म्हणाले. सूनबाई सूप परत गरम करायला घेऊन गेल्या. आत्याबाई मदतीच्या नावाखाली त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या. तिथून दोघींचे हलके आवाज येऊ लागले, आणि त्यात सोफा हा शब्द एकदाही आला नाही. मास्तर बहिणीला सांगू लागला की बाबांची प्रार्थना व्याकरणाच्या दृष्टीने ठीक होती. ती म्हणाली, दादा, गप्प बस आणि जेव.

धाकटी पोटभर जेवली. भीती गेली का, असं जावयाने तिला दोनदा विचारलं. नाही, ती म्हणाली, आहे तशीच आहे. मग बटाट्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून तिने त्याला इस्पितळाचे कागद आणायला सांगितले. ते त्याच्या पिशवीत होते. संमतीपत्राचं पान तिने शोधलं, ताट सरकवून जागा केली आणि मास्तरच्या खिशातलं पेन घेतलं. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. सही वाकडीतिकडी आली, पण ती तिचीच होती.

"बुधवारी बाबा माझ्याबरोबर वर येतील," ती म्हणाली. "तिथली लिफ्ट कशी आहे ते बघून घ्या हो बाबा."

तिने कागद नवऱ्यापुढे सरकवला. खाली आणखी एक रेघ होती, जवळच्या नातेवाइकासाठी. जावयाने पेन हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. पानावरचा बारीक मजकूर पहिल्यापासून वाचायला घेतला, जणू काही असले कागद वाचण्यात त्याचं उभं आयुष्य दुकानात गेलंच नव्हतं. पेनाचं टोक रेघेपर्यंत गेलं आणि तिथे टेकून राहिलं. एक छोटा निळा ठिपका उमटला. त्याने पेन उचललं. टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"उद्या करतो," तो म्हणाला.

कुणी त्याला टक्के विचारले नाहीत. सूनबाईंनी आणलेलं गरम सूप त्याच्यापुढे ठेवलं. मिस्त्री आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेऊन बसले आणि म्हणाले, सावकाश करा जावईबापू, बुधवारला अजून तीन दिवस आहेत.

धाकटीची सही झाली होती. जावयाची राहिली होती.